तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या रताळ्यांचं करायचं काय?

दहा-पंधरा किलो रताळी एकदम घरात आली की हा प्रश्न हमखास येतो: ‘खराब व्हायच्या आत संपवायची कशी?’ माझं उत्तर दर वेळी तेच असतं. संपवायच्या मागे लागू नका, आधी निवडायला बसा. नीट निवडलेलं अखंड रताळं महिनोन्‌महिने टिकतं. घाई फक्त दुखावलेल्या रताळ्यांची असते.

तीन ढीग करा. अखंड सालीची एकीकडे, खणताना कापलेली किंवा खरचटलेली दुसरीकडे, आणि बारीक भोकं असलेली तिसरीकडे. भोकांचं रताळं चिरून पाहा. आत काळपट बोगदे आणि कडवट वास असेल, तर ते सोंड्या भुंग्याचं काम आहे. किडीशी झगडताना रताळं स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं. ती आजूबाजूच्या गरातही पसरतात आणि शिजवून जात नाहीत. म्हणून तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू नका, अख्खं फेकून द्या. बुरशी आलेली रताळी गुरांनाही घालू नयेत, त्यांच्या फुप्फुसांना इजा होते.

अखंड रताळी धुऊ नका, माती नुसती हातानं झटका. ताजी खणलेली असतील, तर पाच-सात दिवस उबदार आणि दमट जागी ठेवा. साधारण 30 अंश सेल्सिअस आणि भरपूर दमटपणा, पण हवा खेळती हवी. या काळात ओरखड्यांवर नवी साल धरते आणि गोडीही वाढू लागते. मग 13 ते 15 अंशांच्या अंधाऱ्या जागी, कागदात सुटी सुटी गुंडाळून ठेवा. तेवढी थंड जागा नसेल, तर घरातला सगळ्यात गार कोपरा चालेल, पण मुक्काम काही आठवड्यांचाच धरा. कच्चं रताळं फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. 10 अंशांखाली ते आतून दुखावतं आणि मग कितीही शिजवलं तरी मधला भाग टणकच राहतो. ‘अर्धा तास उकडलं तरी शिजेना’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा फ्रिज निघतो.

आता गोडीचं. कच्च्या रताळ्यात दिसते त्याहून जास्त गोडी शिजताना तयार होते. साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान त्यातला स्टार्च फुगतो आणि बीटा-अमायलेज नावाचं विकर त्याची माल्टोज साखर करतं. 80 अंशांच्या पुढे ते विकर निकामी होत जातं. म्हणजे रताळं या टप्प्यात जितका वेळ रेंगाळेल, तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये हा टप्पा क्षणात सरतो, म्हणून ते मऊ होतं पण सपक लागतं. चिरून उकळलेल्या फोडींची साखर पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी सूपमध्ये घाला.

सगळ्यात चांगलं भाजलेलं. 200-250 ग्रॅमची, सारख्या जाडीची रताळी काट्यानं टोचा, ओव्हन थंड असतानाच आत ठेवा आणि 160 अंशांवर सव्वा ते दीड तास भाजा. सालीतून चिकट पाक बाहेर यायला लागला की झालं. खाली ट्रे हवाच, पाक जळला की खरवडून निघत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर, दर दहा मिनिटांनी फिरवत पाऊण ते एक तास.

खरचटलेला ढीग आधी संपवायचा आणि त्याचा गर करणं सगळ्यात सोयीचं. खराब भाग खोलवर काढा, उरलेलं सालीसकट वाफवा, सोला आणि चाळणीतून घासा. दोरे राहिले तर पोळी लाटताना फाटते. लिटरभर गराला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला म्हणजे तो काळा पडत नाही. पूर्ण गार झाल्यावर 250 ग्रॅमच्या चपट्या पिशव्या भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आठ-दहा महिने छान राहतो. कच्च्या फोडी मात्र गोठवू नका, बर्फ सुटल्यावर त्या काळ्या आणि पिचपिचीत होतात. हा गर घरी बाटलीबंदही करू नका. तो आंबट नसतो आणि इतका दाट असतो की उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. आत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

पिठात मिसळताना 200 ग्रॅम गार गराला 300 ग्रॅम पीठ घ्या, पाणी आधी मुळीच नको. मळताना गर पाणी सोडतो, मग कणीक सैल होते आणि आपण पीठ घालत बसतो. केकमध्ये सोडा जास्त झाला तर हिरवट ठिपके उमटतात. ती बुरशी नव्हे. रताळ्यातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्यामुळे रंग बदलतं, खायला हरकत नाही. सोडा कमी करा किंवा थोडं दही घाला.

भाजीत फोडींचा लगदा होतो? आंबट आधी घाला. आंबटात फोडी आकार धरून राहतात. लगदाच हवा असेल, तर आंबट शेवटी.

कुरकुरीत काप हवे असतील तर थोडा धीर धरावा लागतो, कारण पाणी उडण्याआधीच साखर करपते. बोटभर लांब काप अर्धा तास पाण्यात ठेवा, फडक्यानं अगदी कोरडे करा, अर्ध्या किलोला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर चोळा. आधी 150 अंशांच्या तेलात रंग न येऊ देता मऊ करा, गार करा, मग 180 अंशांवर दीड-दोन मिनिटं. मीठ ताटात वाढताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं.

त्यानंतरही उरली तर 3 मिलिमीटरच्या चकत्या चार-पाच मिनिटं वाफवून 55-60 अंशांवर वाळवा, कटकन मोडेपर्यंत. साधारण चार किलोंची एक किलो होतात. दळून पीठ करता येतं, पण त्यात कणकेला चिवटपणा देणारं ग्लुटेन नसतं. पावासाठी गव्हाच्या पिठात पाचव्या हिश्श्याहून जास्त घालू नका.

आणि कोंब फुटले म्हणून टाकू नका. बटाट्याच्या कोंबांसारखं विष यात नसतं. कोंब मोडून रताळं वापरा, किंवा ते मातीत लावा. वेलाची कोवळी पानंही पालेभाजीसारखी शिजवून खाता येतात.