तास भरले, सही झाली

२४ सप्टेंबर

आज राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली. दरवर्षी या तारखेला जुने स्वयंसेवक स्टेटसला फोटो टाकतात. डोक्यावर घमेलं, चेहऱ्यावर धूळ, मागे बॅनर आणि त्यावर योजनेचं बोधचिन्ह, कोणार्कच्या रथाचं चाक. फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचे. फोटोत दिसत नाही ती प्रत्येकाच्या सॅकमधली कार्यडायरी.

डायरीत रकाने मोजके : दिनांक, कामाचा तपशील, तास, सही. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, शिवाय एक सात दिवसांचं निवासी शिबिर. निम्म्या डायऱ्या शिबिराच्या शेवटच्या रात्री एकाच्या वहीवरून बाकीच्यांनी उतरवलेल्या असतात, आणि सही करणाऱ्या सरांनाही ते ठाऊक असतं. काही विद्यापीठांत याचे १० वाढीव गुण मिळतात. बरेचजण त्या दहा गुणांसाठीच येतात, त्यात वाईट काही नाही. गुण गुणपत्रिकेत जिरून जातात. दहा वर्षांनी माणसात काय उरलं ते बघायचं तर डायरीतली ‘श्रमदान, ३ तास’ ही ओळ उसवावी लागते.

वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू, सुतळी आणि माणसं, एवढ्यावर उभा राहणारा बंधारा. ओढा १० मीटर रुंद, बंधारा मीटरभर उंच, रुंदी तळाशी जास्त, माथ्याला कमी, सरासरी सव्वा मीटर धरली तर चारशेच्या आसपास गोण्या लागतात. पहिल्या संध्याकाळी फळ्यावर हिशेब मांडतात : ५० मुलं, पाच-पाच जणांच्या दहा टोळ्या, तासाला टोळीमागे दहा गोण्या, म्हणजे तीन तासांत तीनशे. दीड सकाळ झाली की बंधारा तयार!

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोजल्या तर शंभरही भरत नाहीत. मुलं आळशी असतात म्हणून नव्हे. गावातून फावडी मिळाली सहा, घमेली पंधरा, आणि गोण्या शिवायचे दाभण मात्र दोनच. भरलेल्या गोण्या तोंड उघडं ठेवून रांगेत उभ्या, शिवणारे दोघं घामाघूम, बाकीचे सेल्फी काढताहेत. मग कुणीतरी युक्ती सांगतो की शिवायचं कशाला, सुतळीनं बांधून टाकू. बांधलं की गोणीला शेंडी येते. शेंडीवाली गोणी सपाट बसत नाही, थराथरात फट राहते आणि पाणी नेमकं तिथून वाट काढतं. गोणी गळ्यापर्यंत भरली तरी तेच, ती लोडासारखी गोल होते. पाऊण भरायची, तोंड दुमडून शिवायचं, आडवी टाकून पायानं दाबायची.

ही दाभणाची गोष्ट कुठल्याच डायरीत नसते. पण हीच मुलं पुढे गोदामात, बँकेत, सॉफ्टवेअरच्या टीममध्ये किंवा लग्नाच्या हॉलवर काम अंगावर घेतात, तेव्हा ज्याच्या हाताला त्या सकाळी सुतळीचे वळ उठले होते तो माणसं मोजत बसत नाही. काम कुठल्या दोन हातांपाशी तुंबणार ते आधी शोधतो. व्यवस्थापनाच्या वर्गात याला मोठं नाव आहे. ओढ्यात त्याला ‘दाभण किती?’ म्हणतात.

गोण्या रचण्याआधी तळ साफ करायचा असतो : पालापाचोळा, मुळ्या, सुटे गोटे काढून घट्ट जमीन लागेपर्यंत. हे काम दिसत नाही, फोटोतही येत नाही, म्हणून उरकलं जातं. दोन्ही काठांत फूट-दीड फूट खाचा घेऊन गोण्या आत घुसवाव्या लागतात, नाहीतर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ पोखरतं. विटांसारखे सांधे मोडत थर चढवायचे, फटींत चिकणमाती ठासायची, आणि मधोमध अर्धा फूट खोलगट सांडवा सोडायचा, म्हणजे जादा पाणी मधूनच जाईल. एवढं केलं तरी पुढच्या पावसाळ्यात पहिला लोंढा बंधारा घेऊन जातो. तो टिकण्यासाठी नसतोच. ऊन लागून गोणीचा धागा ठिसूळ होतो, हातात घेतला की भुगा होतो. हे कुणी आधी सांगत नाही. मग आपला बंधारा वाहून गेल्याचं कळतं तेव्हा काही जण कायमचे ‘गावात काही होत नसतं’ म्हणणारे होतात. तिशीतल्या या कडवट माणसांची मला जास्त काळजी वाटते. बंधारा फसला नव्हता, त्यांना त्याची मुदत सांगितली गेली नव्हती.

सगळ्यात चीड येते ती वेळेची. बंधारा बांधायचा तो पाऊस थांबून ओढ्याचं पाणी ओसरत असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा सत्राच्या परीक्षा असतात. शिबिर भरतं डिसेंबर-जानेवारीत, आणि बऱ्याच ठिकाणी तोवर ओढा ठणठणीत कोरडा. कोरड्या पात्रात बांधलेला बंधारा फक्त अहवालात पाणी अडवतो. अशा वेळी घरचं सांडपाणी जमिनीत जिरवणारे शोषखड्डे बरे. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेला माठ किंवा टाकी, भोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक. नांदेड पॅटर्न म्हणून मराठवाड्यात तो नावाजला. तोही बुजतो, कारण राख, खरकटं, साबणाचा साका थेट आत जातो. आधी गाळ अडवायची जाळी किंवा छोटी कुंडी हवी आणि ती घरच्या बाईनं उपसायला हवी. तिला न विचारता खड्डा खणला तर वर्षभरात तिथे पुन्हा डबकं.

विचारणं हेही तिथेच शिकायला मिळतं. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘वार्षिक उत्पन्न’ असा रकाना असतो. तो विचारला की उंबऱ्यातलं बोलणं संपतं. ‘यंदा टँकर कधी सुरू झाला?’ विचारलं की चहा येतो, आणि उत्पन्नाचा अंदाज न विचारता मिळतो. गोण्यांत भरायची माती कुणाच्या बांधावरची, हे सरपंचांनी होकार दिला तरी त्या शेतकऱ्याला वेगळं विचारायचं. न विचारता उचललेल्या चार घमेल्यांपायी अख्खी सकाळ बसून काढलेली शिबिरं काही थोडी नाहीत.

स्वयंपाकाचं थोडक्यात. साठ माणसांना पोहे पाच किलो पुरतात. दुपारच्या खिचडीला मात्र घरचं माप लावायचं नाही. माणशी शंभर ग्रॅम डाळ-तांदूळ धरून सहा किलो टाकले तर शेवटचे वीसेक उपाशी राहतात, कारण तीन तास माती उपसलेलं पोर दीडपट जेवतं. नऊ किलो घ्यावेत. आणि वाढपी आळीपाळीनं सगळ्यांनी व्हायचं, हा नियम पहिल्याच दिवशी लावायचा. कुणाच्या हातचं कोण खात नाही हा प्रश्न मग भुकेपुढे बहुतेक वेळा तोंडच उघडत नाही. बौद्धिकात समतेवर तासभर ऐकलेलं कुणाला आठवत नाही, पण भांडी कुणाबरोबर घासली ते आठवतं.

मुलींच्या डायऱ्यांत आणखी एक ओळ लिहायची राहून जाते. तालुक्याच्या कॉलेजातल्या कित्येक मुलींसाठी नातेवाइकांकडे नसलेल्या या पहिल्या सात रात्री. शाळेची खोली, सतरंज्या, सोबतीला मॅडम. खोलीला आतून कडी लागते का, संडासाच्या वाटेवर दिवा आहे का, पाणी कुठून भरायचं, हे पहिल्या संध्याकाळी त्या स्वतः फिरून बघतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीचे वडील ‘सहज आलो होतो’ म्हणत डबा घेऊन उभे राहतात, जेवणावळ बघतात आणि रात्र पडायच्या आत परततात. पुढे आरोग्यसेविका किंवा शिक्षिका म्हणून आडगावी नेमणूक निघाली, की घरचे घाबरलेले असताना तीच पोरगी खोली बघायला जाते. आधी कडी, मग दिवा, मग पाणी.

स्टेटसवरच्या फोटोंखाली आज दिवसभर ‘ते दिवस!’ चालू राहील. जुन्या बॅचच्या एका ग्रुपवर मात्र कुणीतरी सकाळीच विचारलंय की पाऊस ओसरत आलाय, गोण्या कोण बघतंय. बांधकामाच्या साइटवर असलेल्या एकानं लिहिलंय, दोनशे साठल्यात, फाटक्या वेगळ्या काढून देतो. त्याखाली दुसऱ्याचा प्रश्न : आणि दाभण?