हणजूणची समुद्रकाकडी: आट्रा नव्हे, ल्यूको!

समुद्रकाकडी म्हणजे समुद्रतळावर राहणारा, काकडीसारख्या लांबट, मऊ अंगाचा प्राणी. गेल्या तीन नोंदींत मी जिला छातीठोकपणे होलोथुरिया आट्रा म्हणत होतो, ती निघाली तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, होलोथुरिया ल्यूकोस्पायलोटा. परवा अमावास्येच्या ओहोटीला, गोव्यातल्या हणजूणच्या खडपात, संध्याकाळी पाचच्या सुमारास निकाल लागला.

घोळ वाळूचा होता. आट्रा अंगाला वाळू माखून घेते आणि पाठीवर ओळीने गोल मोकळे ठिपके सोडते, हे आपल्याला पाठच आहे. माझ्या डबक्यातली काळीभोर, वीतभर, जागोजागी वाळूचे कण चिकटलेली. ठिपके दिसत नव्हते, पण तो दोष मी पाण्यावरच्या चकाकीला दिला. या वेळी आईची जुनी काळी छत्री आडवी धरली. चकाकी गेली, तळ स्वच्छ दिसला आणि ठिपके मुळात नव्हतेच. मागच्या नोंदी वाचून ज्यांनी पाठीचा नीट फोटो मागितला होता, त्यांचं बरोबर होतं. छत्रीसारखं साधन नाही, मंडळी. मोबाइलला अडकवायची ऑनलाइन मागवलेली भिंगं खाऱ्या हवेत महिन्यात गंजली. त्यात पैसे घालू नका.

मग तिची बैठक पाहिली. मागचं टोक दगडाखालच्या फटीत रुतवलेलं, पुढचं अंग लांबवून वाळू चाटणं चालू. ही ल्यूकोचीच सवय. तेवढ्यात एका पर्यटकाच्या पायाने दगड हलला आणि फटीतून पांढरे दोरे सुटले. शेवयांसारखे बारीक, बघता बघता लांबलेले, खडकाला चिकटणारे. कुव्हिएच्या नलिका, म्हणजे धोका वाटला की ती बचावासाठी मागच्या टोकातून सोडते ते चिकट दोरे! आट्राकडे त्या नसतातच. माझ्या अंगावर काटा आला, आणि तिची कीवही आली. त्या काही आठवड्यांत पुन्हा वाढतात, एवढाच दिलासा.

पक्का पुरावा कातडीतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चुनखडी कणिकांच्या आकारांचा: ‘टेबलां’सोबत ‘बटणं’ असली तर ल्यूको, फुलासारखे ‘रोझेट’ असले तर आट्रा. पण २००१ पासून समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे कणभर कातडीही घ्यायची नाही. नसतं, तरी मी घेतली नसती.

पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला डबक्यांचा नकाशा काढणार होतो. पण हे लिहिताना डोक्यात आलं: ती श्वास घेते मागच्या टोकाने, पाणी आत-बाहेर करून, आणि तेच टोक फटीत. नळदुरुस्तीवाल्यांकडचा लांब वायरचा कॅमेरा तिला न शिवता फटीच्या तोंडाशी धरला, तर मिनिटाला किती वेळा पाणी सोडते ते मोजता येईल. नकाशा राहू दे. आधी कॅमेरा शोधतो.