तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या जणींनी लिहिलेलं, त्यातलं खरं कुठलं?

गेल्या खंडेनवमीला आमच्या लोकलच्या डब्याला झेंडूची तोरणं बांधून झाली, पेढे वाटून झाले आणि डब्यातल्या बायकांनी मिळून लिहिलेल्या आमच्या प्रवासाच्या वहीची नवी आवृत्ती हातोहात फिरू लागली. नुकतीच आमच्या गाडीला यायला लागलेली एक मुलगी माथेरानचं पान वाचत होती. ती म्हणाली, "काकू, इथे एक म्हणते घोडा घ्या, दुसरी म्हणते अजिबात घेऊ नका. मग खरं कुठलं, हे तुम्ही ठरवता तरी कसं?" तेवढ्यात तुर्भे आलं आणि ती उतरून गेली. हाच प्रश्न मला सोसायटीतल्या बायका विचारतात, माझा भाऊ विचारतो, झेरॉक्सवाला दादाही विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट, बसून उत्तर देते.

वही कशी सुरू झाली ते आधी सांगायला हवं. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल २००४ साली सुरू झाली, आणि मी जवळजवळ पहिल्यापासून त्या गाडीने नोकरीला जाते. बायकांच्या डब्यात सोमवारी सकाळी कोणी ना कोणी कुठून तरी फिरून आलेली असायचीच. मग तिच्याभोवती चौकशी सुरू. उतरलात कुठे? जेवण तिखट होतं का? सासूबाईंना चालवलं का? वाटेत बाथरूम कुठे होतं? एकीला सांगून होईतो ऐरोली यायचं, आणि रबाळ्याला चढलेली पुन्हा पहिल्यापासून विचारायची. २०१८ मध्ये एकीने एक जाड फुलस्केप वही आणली आणि म्हणाली, बोलू नका, लिहा. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, गुडघ्यावर पर्स ठेवून बायकांनी लिहिलं. त्या दसऱ्याला ते टाइप करून, स्पायरल बांधून पहिली आवृत्ती काढली. उजव्या पानावर मजकूर आणि डावं पान कोरं, पुढे जाऊन येणारीने भर घालावी म्हणून. लिहिणारीचं नाव मात्र घातलं नाही. गाडीत आम्ही एकमेकींना स्टेशनावरूनच ओळखतो, त्यामुळे मजकुराखाली सही यायची ती 'घणसोली' किंवा 'कोपरखैरणे' अशी.

खरं-खोटं ठरवणं मला तेव्हा सोपं वाटलं होतं. जाणती बाई असेल तर तिचं खरं. कुलाबा किल्ल्याच्या पानाने माझा तो समज मोडला.

ते पान आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या बाईंनी लिहिलं होतं. त्यांचं माहेर रेवदंड्याचं. अलिबागच्या समुद्रातला हा किल्ला भरतीला पाण्याने वेढला जातो आणि ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. चालत कधी जायचं हे कळण्यासाठी त्यांनी किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब दिला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे-सकाळीही तेवढ्यालाच आणि दुपारी-संध्याकाळीही साधारण तेवढ्यालाच. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. भिंतीवरचं कॅलेंडर आणि शाळेतला पाढा एवढ्या भांडवलावर समुद्राची वेळ काढता येते, याचं आम्हाला इतकं अप्रूप वाटलं की पुढचे आठ दिवस डब्यात सगळ्या तिथ्याच मोजत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब ते पान वाचून अलिबागला गेलं. सोयीचा दिवस म्हणून त्यांनी अष्टमी निवडली. सहाला भरती म्हणजे दुपारी बाराला ओहोटी, ऊनही थंडीचं. गणित चोख होतं. बाराला किनाऱ्यावर पोचले तर पाणी गुडघ्यापर्यंत, आणि त्यांच्यासोबत सत्तरीच्या आजी. आजी किनाऱ्यावर थांबल्या. बाकीचे थोडं आत जाऊन परत फिरले. तिथल्या घोडागाडीवाल्याने त्यांना सांगितलं, "आज भांग आहे, आज एवढंच ओसरणार."

मी रेवदंड्याच्या बाईंना विचारलं. त्या चकित झाल्या. "अगं, अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, हे काय सांगायला हवं? अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. भांगाला ना धड चढत, ना धड उतरत. चालत जायचं तर तृतीया-चतुर्थीची सकाळ धरावी, नाहीतर द्वादशी-त्रयोदशीची दुपार." हे सगळं त्यांना पाठ होतं. इतकं पाठ होतं की ते सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मी तेव्हा खूप विचार केला. त्यांनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. तरी आजींना किल्ला पाहता आला नाही. म्हणजे खरं असणं पुरत नाही. जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटतं ते नेमकं त्याच्या अंगवळणी पडलेलं, आणि परक्या माणसाचा पाय अडखळतो तोही तिथेच. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पान एका न गेलेल्या बाईला वाचायला देतात. तिने शुद्धलेखन बघायचं नाही. तिने फक्त डोळे मिटून त्या गावाला जाऊन यायचं आणि जिथे अडेल तिथे डाव्या पानावर प्रश्न लिहायचा. 'स्टँडवरून डावीकडे' असं लिहिलं असेल तर स्टँडकडे तोंड करून की पाठ करून? 'सकाळची गाडी पकडा' म्हणजे किती वाजताची, आणि ती चुकली तर?

असल्याच एका प्रश्नातून वहीतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य आलं. एका आडगावाच्या पानावर लिहिलं होतं, 'पहाटेची एसटी हमखास मिळते.' वाचणारीने विचारलं, हमखास कशावरून? लिहिणारीने उत्तर दिलं, 'कारण ती मुक्कामी गाडी आहे. रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत फिरते. दिवसाच्या गाडीची वाट बघावी लागते, ही आधीच उभी असते.' हे कळलं की त्या एका गावाचंच काय, एसटीच्या कुठल्याही शेवटच्या गावाचं भय उरत नाही. आता कुठेही गेले की मी आधी विचारते, मुक्कामी गाडी आहे का.

तर माथेरानचा घोडा. 'घोडा घेऊ नका' हे लिहिणारी अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर एक सॅक, महिना फेब्रुवारी. दस्तुरीला गाड्या थांबतात, त्यापुढे मोटारीला बंदी. तिथून लाल मातीच्या वाटेने झाडांच्या सावलीत चालत जाणं हाच तिच्या लेखी माथेरानचा आनंद. 'घोडा घ्याच' लिहिणारीसोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई होती, आषाढ होता, वाटेत चिखल होता. त्या दिवसांत नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरान एवढ्याच टप्प्यात ती धावते, आणि त्यांची फेरी चुकली होती. यात खोटं कुठलं काढू? दोन्ही ठेवलं. मात्र सहीखाली तीन गोष्टी लिहायला लावल्या: कधी गेलात, कोणासोबत गेलात, कशाने गेलात. वाचणारीने आपल्यासारखी बाई शोधावी आणि तिचं ऐकावं. मी दोघींमध्ये निवाडा करून एक ओळ लिहिली असती तर ती ओळ कोणाच्याच कामाची राहिली नसती.

म्हणून 'सुंदर आहे, अवश्य जा' हे आम्ही घेत नाही. सुंदर तर असतंच. तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट काय केलीत, पैसे कुठे वाया गेले, पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल, एवढं विचारलं की माणसं फार चांगलं सांगतात. लाजणाऱ्या, 'मला नाही बाई लिहिता येत' म्हणणाऱ्या बायकाही सांगतात. त्यांचं दुसरी कोणीतरी उतरवून घेते. ऐरोलीहून खाडीत रोहित पक्षी बघायला बोट जाते, तिचं पान असंच उतरवलेलं आहे. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. पण पानावर पहिली ओळ आहे ती बोटीची वेळ भरतीवर ठरते आणि रोज पुढे सरकते, ही. सांगणारी बाई त्याच स्टेशनाला रोज उतरते. शेजारच्या खाडीत एवढे गुलाबी पक्षी येतात, हे तिने चौदा वर्षांनी पाहिलं. सांगताना तिचा आवाज भरून आला होता, तेही आम्ही लिहिलं.

शिळं झालेल्या माहितीचं काय, हेही विचारतात. पहिल्या आवृत्तीत आम्ही एसटीची भाडी रुपयांत छापली होती. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि एका दिवसात आमच्या लेखी सगळे आकडे चुकले. आनंदाने चुकले, पण चुकलेच. कोकण रेल्वेच्या पानावर 'आरक्षण एकशे वीस दिवस आधी' असं होतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं, आणि गणपतीला गावी जाणाऱ्या घरांना ही एक ओळ किती महत्त्वाची आहे ते ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आता भाडं आणि वेळ आम्ही छापत नाही. ती कुठे विचारायची ते छापतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, अशा दरवर्षी लागू पडणाऱ्या गोष्टी छापतो. चुकलेलं वाक्य खोडत नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी महिना-वर्ष लिहितो, म्हणजे खालचं वाचता येतं. पूर्वी कसं होतं हे माहीत असलेलं बरं असतं.

एक चूक मात्र रेघ मारून मिटण्यासारखी नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक ताई पिठलं-भाकरी करून देतात. आमच्यातल्या एकीने भरभरून लिहिलं, आम्ही ताईंचा नंबर छापला. वही डब्यातून घरी गेली, घरातून ऑफिसात, कोणी पानाचा फोटो काढून पुढे पाठवला. पावसाळ्यातल्या एका रविवारी त्यांच्या दारात न सांगता चाळीसच्या वर माणसं उभी राहिली. घरातलं पीठ संपलं, शेजारून आणलं, तरी काही जण बोल लावून गेले. आम्ही श्रावणात गेलो तेव्हा ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत, मला विचारलं नाहीत."

मला ते फार लागलं. प्रवाशांनी प्रवाशांना सांगायचं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. ज्यांच्या दारात जायचं ती माणसं आमच्या वहीत नुसती पत्ते होऊन बसली होती. तेव्हापासून कोणाचाही नंबर त्या माणसाला विचारल्याशिवाय छापत नाही, आणि 'नको' म्हटलं तर गावाचं नावही गाळतो. येऊरच्या जंगलातलं एका घुबडाच्या ढोलीचं सुंदर वर्णन याच कारणाने गाळलं. घुबडाला विचारता येत नाही, म्हणून आम्हीच नको म्हटलं. लिहिणारी थोडी नाराज झाली, पण मला ते बरोबरच वाटतं.

आणि ताईंना आम्ही म्हटलं, आता तुम्हीच लिहा. येणाऱ्याला तुम्हाला काय सांगायचंय? त्यांनी सांगितलं, त्यांच्या मुलीने लिहून दिलं. या आवृत्तीत ते पान जसंच्या तसं आहे: 'आदल्या रात्री फोन करा. किती पानं ते सांगा. नऊच्या आत सांगितलं तर भाकरी गरम मिळेल. विहिरीवर चपला घालून चढू नका. पाऊस जास्त असेल तर आम्ही वर जाऊ नका म्हणू, तेव्हा ऐका. माणसं कमी असली तर आमच्यासोबत चुलीपाशी बसा.'

हे पान मी त्या तुर्भ्याच्या मुलीलाच वाचायला दिलं, कारण ती कुठल्याच डोंगराकडे कधी गेलेली नाही. दोन दिवसांनी तिने वही परत आणली. डाव्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं: 'किती पानं म्हणजे केळीची पानं आपण न्यायची का? आणि नऊच्या आत म्हणजे आदल्या रात्रीचे नऊ की सकाळचे?'

पहिल्याचं उत्तर मी तिला गाडीतच दिलं, जेवायला बसणारी माणसं किती ते. दुसरं मलाही सांगता येईना. आज रात्री ताईंना फोन करून विचारणार आहे.