गोमुखाला जाताय? गीला पहाड अकराच्या आत ओलांडा

‘नागद्वार झालं ना तुमचं? मग गोमुख काहीच नाही, सपाट रस्ता आहे.’ निघण्याआधी हे मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. गोमुख म्हणजे गंगोत्रीच्या वर, हिमनदीतून भागीरथी निघते ती जागा. नागपंचमीला आमच्या वरुड भागातून पचमढीला गाड्या भरून जातात, मीही सात वेळा तिथली नागद्वारची डोंगरयात्रा केली आहे. पायांपुरतं ते बोलणं खरं निघालं. दमाच्या आणि दगडांच्या बाबतीत ते साफ खोटं आहे, आणि त्यापायी आमच्यातला एक माणूस गोमुखाच्या चार किलोमीटर अलीकडून परत फिरला. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही चौघं होतो: मी, चुलतभाऊ (वयाने मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो), त्याचा साळा आणि शाळेतले एक गुरुजी. मृगाच्या आत घरी परतायचं होतं, म्हणून मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरला. घरी पारा ४५ वर, संत्र्याचं ओलित पोरांवर सोपवलं. नागपूर, दिल्ली, हरिद्वार, उत्तरकाशी, गंगोत्री. वाटेत हरसिल सुंदर आहे, चहा घेतला, पुढे निघालो.

पहिली चूक इथेच झाली. आदल्या रात्री आम्ही उत्तरकाशीला होतो, म्हणजे साधारण १,१५० मीटरवर, आपल्या चिखलदऱ्याएवढंच. दुसऱ्या दिवशी जीपने थेट गंगोत्री, सुमारे ३,१०० मीटर. तिसऱ्या दिवशी सकाळी चालायला सुरुवात, संध्याकाळी मुक्कामाला भोजबासा, जवळपास ३,८०० मीटर. शरीराला सवय व्हायला वेळच दिला नाही. शेतात दिवसभर राबणारा माणूस हवेच्या विरळपणाला घाबरत नाही, कारण त्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. गंगोत्रीत दोन रात्री काढा. मधल्या दिवशी थोडं वर चढून झोपायला खाली या. एक दिवस वाचवायच्या नादात आमचं अर्धं काम बिघडलं.

दुसरी गोष्ट परमिटची. गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ चं, २,३९० चौरस किलोमीटरचं, आणि गोमुखाच्या वाटेवर दिवसाला फक्त १५० माणसं सोडतात. चारधामची नोंदणी वेगळी आणि हे परमिट वेगळं; एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. आम्ही ज्याच्यामार्फत गेलो त्याने परमिटचे म्हणून माणशी बाराशे घेतले. हातात कागद आला तेव्हा त्यावर छापलं होतं: १५० रुपये, दोन दिवस. पैशांचं दुःख एक वेळ गिळता येतं. पण हा माणूस पहाटे सहाला येतो म्हणाला आणि कागद घेऊन पावणेनऊला उगवला. वर सांगतो कसा, ‘आरामात निघा, चौदाच किलोमीटर आहे.’ परमिट ऑनलाइन निघतं. स्वतः काढा, आधी काढा, आदल्या रात्री खिशात असू द्या.

उद्यानाच्या कनखू चौकीवर सगळं उघडून प्लास्टिक मोजतात आणि परतताना ताडायला यादीत लिहितात. बिस्किटांचे पुडे आठ, रेनकोट चार, कॅन एक. हा पाच लिटरचा कॅन दादाचा. गावच्या महादेवाला श्रावणात गोमुखाच्या पाण्याचा अभिषेक करीन, असं तो बोलला होता. चौकीतून सुटलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गंगोत्रीपासून चिडबासापर्यंत नऊ किलोमीटर, वाट चांगली. मधले नाले मात्र सकाळी पावलाएवढे आणि दुपारी बर्फ वितळला की गुडघ्याला लागतात. हाही उशिराचाच दंड.

आता गीला पहाड. चिडबासा आणि भोजबासाच्या मधला हा पट्टा. डाव्या हाताला सुट्या माती-दगडांचा उभा उतार, उजव्या हाताला खोल खाली भागीरथी, मधे दीड-दोन फुटांची वाट. रात्री उताराच्या पोटातलं पाणी गोठतं, त्यात दगड घट्ट धरलेले राहतात. ऊन चढलं की ती पकड सुटते. दुपारी खोऱ्यातून वारा उठतो. त्यात वर भरल चरतात, म्हणजे तिकडच्या रानमेंढ्या, त्यांच्या खुरांनीही दगड सुटतो. आम्ही तिथे पोचलो अडीच वाजता. यापेक्षा वाईट वेळ नाही.

आमच्यासोबतचा नेपाळी पोर्टर, वीस-बावीस वर्षांचं पोरगं, हात आडवा करून थांबला. बराच वेळ वर बघत राहिला. मग एकेकाला सोडायला लागला. एक पार पोचला की दुसरा. गुरुजी गेले, साळा गेला. दादा मध्यावर असताना वरून टक् असा बारीक आवाज आला. संत्र्याएवढा दगड त्याच्या पुढे दोन हातांवर आपटला आणि उसळी मारून दरीत गेला. मागून वाटीएवढे चार-पाच आले. दादा जागीच उभा राहिला. ‘दादा, थांबू नको, पळ!’ मी ओरडलो. त्याचं एकच, ‘मले चक्कर येऊन रायली रे.’ पोर्टर पाठीवरच्या ओझ्यासकट धावत गेला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला पलीकडे घेऊन गेला. त्या पोराचे आमच्यावर उपकार आहेत.

तेव्हा स्पष्ट सांगतो. सहाला गंगोत्री सोडा आणि अकराच्या आत हा पट्टा पार करा. दुपार झाली असेल तर चिडबासाहून मागे फिरा. दिवस फुकट गेला तरी जाऊ द्या. तिथे बसायचं नाही, फोटो नाही, कानात हेडफोन नाही, कारण दगड आधी ऐकू येतो, मग दिसतो. परततानाही हाच नियम: भोजबासा सकाळीच सोडा.

दादाचं डोकं त्या रात्री भोजबासाला फुटायला आलं. दोन उलट्या, जेवण नाही. गंगोत्री सोडल्यापासून मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे घरी बोलणंही नाही. पहाटे त्याला थोडं बरं वाटत होतं, तरी आम्ही त्याला वर नेलं नाही. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, वाढलं तर रात्र असो वा दिवस, खाली उतरायचं. कॅन त्याने माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून झोपला.

भोजबासा ते गोमुख चार किलोमीटर, शेवटी नुसते दगडधोंडे. कॅलेंडरवरची पांढरीशुभ्र गुहा डोळ्यासमोर ठेवून जाऊ नका. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीचं हे तोंड मातीने माखलेलं, काळपट, तडे गेलेलं आहे, आणि ते वर्षानुवर्षं मागे सरकतं आहे. पण त्याखालून भागीरथी उसळत बाहेर पडते आणि वर भागीरथीची तिन्ही शिखरं उन्हात येतात, तेव्हा मला हुंदका आवरला नाही. बाराशेही विसरलो, दगडही विसरलो. अगदी तोंडाशी जाऊ देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. आम्ही उभे असतानाच बैलगाडीएवढा तुकडा सुटून पाण्यात पडला. गोमुखाच्या वरचं तपोवन आम्ही केलं नाही, परमिट गोमुखापर्यंतचंच होतं.

पाणी अलीकडेच, काठ सपाट आहे तिथे भरा. हात दहा सेकंदांत बधिर होतो, म्हणून तोटी नव्हे, रुंद तोंडाचा कॅन न्या. पाणी राखाडी असतं, झिजलेल्या खडकाचं पीठच ते. घाण समजून ओतून देऊ नका, दोन दिवसांत निवळतं.

उतरताना गीला पहाड नऊ वाजता ओलांडला. एक खडाही पडला नाही. कनखूला दादाने स्वतः कॅन पुढे केला, चौकीवाल्याने यादीवर खूण केली. चिडबासापासूनच दादाचं डोकं उतरलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाला, ‘सोयाबीन निघालं की पुन्हा येऊ, तेव्हा गंगोत्रीत तीन दिवस राहू.’ ऑक्टोबरमध्ये थंडी जास्त असते. उद्यान नोव्हेंबरअखेर बंद होतं, मंदिर त्याआधी, दिवाळीला. मी हो म्हटलं आहे.