राजहंस नाही निघालं तर?

आमची बालवाडी वस्तीतली. निम्म्याहून जास्त मुलं बांधकामाच्या साइटवर आलेल्या कुटुंबांची. कुणी नांदेडकडचं, कुणी घरी बंजारा बोली बोलणारं, कुणी थेट बिहारचं. ‘काळ्या’, ‘ढोल्या’, ‘ए भय्या’ ही हाक चार वर्षांची पोरंही सराईतपणे मारतात, घरूनच शिकून येतात. त्यावर रागावून काही होत नाही. म्हणून ‘मी आहे तसा ठीक आहे, मी इथलाच आहे’ असं मुलांना वाटेल अशी चित्रपुस्तकं रोज वाचून दाखवायची, असं ठरवलं.

पुस्तकं जमवणं जड गेलं नाही. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तात मिळतात, ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांतली घरं आपल्यासारखी दिसतात, चेन्नईचं तूलिका मराठीतही पुस्तकं काढतं. शिवाय प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट २०१५ पासून आहेच: फुकट उतरवून घ्या, छापा, वाटा, हवं तर आपल्या बोलीत भाषांतर करा, परवाना मोकळा आहे. रंगीत प्रिंट मात्र खिशाला लागते. टॅबवर दाखवून पाहिलं, पण तिथे पोरं चित्र बघत नाहीत, नुसती बोटं सरकवत सुटतात.

खरा वेळ गेला तो निवडण्यात. या विषयावर एक ठरलेली गोष्ट वेगवेगळ्या कपड्यांत फिरत असते. एक प्राणी रंगाने नाहीतर कानाने वेगळा, सगळे त्याला हसतात. मग पूर येतो किंवा आग लागते, नेमका तोच कान कामाला येतो आणि सगळे त्याला डोक्यावर घेतात. छान वाटतं ऐकायला. पण पूर आलाच नाही तर? काहीतरी करून दाखवल्याशिवाय खेळायला घेणार नाहीत, एवढंच त्या पोराला कळतं. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८४३ मधल्या गोष्टीतलं, बदकांत वाढलेलं कुरूप पिल्लूही शेवटी राजहंस निघतं म्हणून सुटतं. साधं बदकच राहिलं असतं तर? गोष्ट म्हणून ती मी आवडीने सांगते, पण या कामासाठी नाही.

आम्ही ठेवली ती पुस्तकं अशी, की ज्यांत वेगळेपणावर कुणी बोलतच नाही. चाकाच्या खुर्चीतली मुलगी पतंग उडवतेय, मांजा गुंतलाय, आणि गोष्ट मांज्याची आहे. भाषण ठोकणारं पात्र दिसलं की पुस्तक बाद.

वाचताना पुस्तक चेहऱ्याशेजारी धरायचं, आधी न वाचता सगळी पानं दाखवायची आणि ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारायचं. आमच्या मदतनीस मावशींना शेवटी ‘मग, काय शिकलो आपण?’ विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. मुलं एका सुरात ‘कुणालाऽ चिडवू नयेऽ’ म्हणायची आणि उठता उठता शेजारच्याला ‘सरक ना, ढोल्या!’ तो प्रश्न हळूहळू बंद केला. ‘बघ, ही अगदी तुझ्यासारखी’ असं म्हणून बोटही दाखवायचं नाही. सगळ्यांच्या नजरा वळल्या की ते मूल आक्रसून जातं. ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

मग चित्रांचा तास. ‘ताई, स्किन कलर द्या,’ पाच वर्षांच्या एका मुलीने हात पुढे केला. तिला हवा होता तो फिकट गुलाबी खडू. मी तो तिच्या मनगटावर ठेवला. तिने पाहिलं, माझ्या मनगटावर ठेवला, मग मावशींच्या. ‘कुणाचाच नाही हा.’ दुसऱ्या दिवशी जुन्या ताटल्यांत पोस्टर कलर काढले: लाल, पिवळा, थेंबभर निळा, लागेल तसा पांढरा. मनगटावर ठिपका लावून बघायचं, जुळेपर्यंत कालवायचं. तिचा रंग खारकेसारखा जमला. एका मुलाने स्वतःचा सोडून आईचा रंग बनवला आणि तो जमेना म्हणून ती न्यायला आल्यावर तिला दारातच उभं करून ठेवलं.

त्या रंगांत प्रत्येकाने आपलं चित्र काढलं. खाली मूल बोललं तसंच, त्याच्याच बोलीत, आम्ही देवनागरीत लिहिलं. तेच आमचं पुस्तक. पालकांपैकी एक ताई म्हणाल्या, ‘हिचं जरा उजळ करा ना.’ मी काही बोलायच्या आत मुलीने पान ओढून घेतलं, ‘मी कालवलाय तो!’ आई हसली, पण पटलं असं काही दिसलं नाही. घरी वर्षानुवर्षं चाललेलं बोलणं एका पानाने थांबत नाही, तेव्हा त्यावर मी जास्त ताणत नाही.

पुस्तक शिवायचं आम्ही सोडून दिलंय, कड्यांच्या फायलीत लावतो. साइट संपली की कुटुंब हलतं आणि मूल आपलं पान बरोबर नेतं. फायलीत राहते ती काळी-पांढरी झेरॉक्स. ती रंगवायला उरलेल्या मुलांची भांडणं होतात, कारण गेलेल्याचा रंग नक्की कसा होता याबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.