इलेक्ट्रिक गाडीची ४ वर्षं आणि माझी हिशोबाची वही

या फेब्रुवारीत आमच्या इलेक्ट्रिक गाडीला ४ वर्षं झाली आणि मीटरवर ७० हजार किलोमीटर पडले. गाडी घरी आली त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीये, त्यात प्रत्येक चार्जिंग, प्रत्येक सर्व्हिसिंग, अगदी वायपरचं रबर बदललं तेही लिहिलंय. ऑफिसमध्ये, लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सगळे एकच विचारतात, "परवडते का गं?" आणि मी दरवेळी अर्धवट उत्तर देते कारण खरं उत्तर लांबलचक आहे. म्हणून आज वही समोर घेऊन बसलेय.

आधी वापर सांगते, त्याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. सिंहगड रोडवरून हिंजवडी, जाऊन-येऊन ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला सासरी. वर्षाला साडेसतरा हजार किलोमीटर होतात.

२०२२ मध्ये गाडी घेतली तेव्हा रोड टॅक्स माफ असूनसुद्धा ऑन रोड १६ लाखांना पडली. त्याच तोडीची पेट्रोल गाडी ११ टक्के रोड टॅक्स भरून साडेअकराला मिळत होती. म्हणजे साडेचार लाख जास्तीचे, आणि ते काही घरात पडलेले नव्हते, कर्जच काढलं, त्यामुळे त्या जास्तीच्या रकमेवरचं आत्तापर्यंतचं व्याज ९० हजार धरायलाच पाहिजे. बरेच लोक हिशोब सांगताना हे व्याज सोडून देतात आणि मग आकडे फार गोड दिसतात. तेव्हा आयकरात ८०ईईबी हे सवलतीचं कलम होतं, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या ईव्ही कर्जावर वर्षाला दीड लाखापर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता यायचं, जुनी करप्रणाली असेल तर. त्यातून आमचे ५० हजार वाचले. आज कर्ज काढणाऱ्याला ते मिळत नाही.

आता विजेचं, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळी मेख इथेच आहे. गाडी आली तेव्हा आम्ही घरच्याच मीटरवरून पार्किंगमध्ये १५ अँपियरचा सॉकेट काढला. घराचा वापर महिन्याला १८० युनिट, त्यात गाडीचे १९०. घरगुती बिलात ३०० युनिटच्या वर गेलं की पुढचा स्लॅब लागतो आणि दर एकदम उडी मारतो, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. गाडीचे शेवटचे ७० युनिट या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतात, कारण खालचे १८० फ्रीज आणि गिझरने आधीच खाल्लेले असतात. पहिली दोन बिलं बघून मी घाबरले होते, खरंच. मग सहा महिन्यांनी ईव्हीसाठी वेगळा मीटर घेतला, त्याचा दर वेगळा असतो, स्लॅब चढत नाही. मीटर, मीटर रूमपासून आमच्या पार्किंगपर्यंत आर्मर्ड केबल, एमसीबी म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, नीट अर्थिंग, सगळे मिळून ४२ हजार गेले. सोसायटीची एनओसी मिळवायला दोन मीटिंगा लागल्या ते वेगळंच. पण त्यानंतर युनिट सगळं धरून सरासरी ८ रुपयांना पडलंय. चार्जिंगमधली गळती धरली तर भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर गाडी साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया.

साताऱ्याच्या वाटेवर मात्र सार्वजनिक फास्ट चार्जर लागतो आणि तिथे जीएसटी धरून २२ रुपये युनिट मोजलेत. हायवेला १०० च्या वेगाने गाडी जास्त वीज खाते, त्यामुळे किलोमीटरला पावणेचारपर्यंत जातं. खंबाटकी उतरताना थोडी बॅटरी परत भरते ते बघायला मला अजूनही आवडतं पण चढताना गेलेलं सगळं काही परत येत नाही. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, पण आमचा रस्ता साताऱ्याचा, खेड शिवापूर आणि आनेवाडीला आम्ही बाकीच्यांसारखाच टोल भरतो.

७० हजारातले ६० हजार किलोमीटर घरच्या चार्जिंगवर आणि १० हजार बाहेरच्या. एकूण खर्च १ लाख १५ हजार. पेट्रोल गाडीने पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १४ किलोमीटर दिले असते तर ५ हजार लिटर, १०५ च्या भावाने सव्वापाच लाख. वाचले ४ लाख १० हजार.

सर्व्हिसिंगमध्ये लोकांना वाटतं तेवढं काही वाचत नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत, हे सगळं खरं, पण कूलंट आहे, एसी फिल्टर आहे, आणि साधी १२ व्होल्टची बॅटरी तिसऱ्या वर्षी गेली तेव्हा गाडी चालूच होईना, मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असताना! २८ हजार वाचले असं धरलंय. टायर ३८ हजार किलोमीटरलाच बदलावे लागले, गाडी जड आणि पिकअप जोरात, १० हजार तिथे जास्तीचे. इन्शुरन्सही महाग, कारण गाडीची किंमतच जास्त. शिवाय थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्यात, इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट असली तरी ६५ किलोवॉटच्या वरच्या मोटरला ६,७१२ रुपये लागतात, १२०० सीसीच्या पेट्रोल गाडीला ३,४१६. चार वर्षांत इन्शुरन्सचे ३८ हजार जास्त गेले.

सगळी बेरीज-वजाबाकी केली तर आज ४ वर्षांनंतर मी पेट्रोलवालीच्या अजून १ लाख ४२ हजारांनी मागे आहे. हो, मागे. वर्षाला साधारण लाखभर वाचतात, म्हणजे २०२७ च्या मध्यावर बरोबरी होईल आणि त्यापुढे खरा फायदा सुरू. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, त्यामुळे मला त्याची धास्ती नाही. पण माझा वापर निम्मा असता तर बरोबरीला अकरा-बारा वर्षं लागली असती. आणि घरी सॉकेटच नसता, सगळं बाहेर चार्ज केलं असतं, तर आठ वर्षं, म्हणजे वॉरंटी संपेपर्यंत!

म्हणून मी लोकांना गाडी कोणती हे विचारतच नाही, आधी विचारते पार्किंग कुठे आहे आणि रोज किती चालते. रोज १५ किलोमीटर आणि गाडी रस्त्यावर उभी, तर सरळ सीएनजी घ्या असं सांगते. पुण्यात सीएनजी किलोला नव्वदच्या वर गेला तरी किलोमीटरला साडेचार-पाच रुपयेच पडतात, रांगेत थांबायची तयारी पाहिजे एवढंच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे किंमत साडेआठ टक्क्यांनी खाली, आणि इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ टक्केच होता, तिथे काही बदल नाही. त्यामुळे आज शोरूममध्ये उभं राहून हिशोब करणाऱ्याने माझे २०२२ चे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

विकायचं म्हटलं तर वाईट वाटतं. मागच्या महिन्यात सहज एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे विचारलं, त्याने पावणेसहा लाख सांगितले, १६ लाखांच्या गाडीचे. मी विकणार नाहीच, आठ-दहा वर्षं वापरायची म्हणूनच घेतली होती. पण तो आकडा ऐकून मी माझ्या नणंदेला त्याच रात्री फोन केला, ती साताऱ्यात बँकेत आहे, स्वतःचं घर, अंगणात गाडी लागते, रोज कोरेगावला जाऊन-येऊन करते. तिला म्हटलं, नवीन बघूच नकोस, दोन-तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक बघ. पहिल्या मालकाने जो लाखांचा मार खाल्लाय तो तुझा फायदा. फक्त वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का ते कागदावर बघ, काही नव्या मॉडेलांची लाइफटाइम बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

तिने एक बघून ठेवलीये. रविवारी मी साताऱ्याला चाललेय, वही घेऊन, आणि तिच्या अंगणात मीटरपासून केबल किती मीटर लागेल ते टेपने मोजायचंय.