पन्नास मिरे

युरोपच्या इतिहासात एक गंमत आहे. पाचव्या शतकात रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळतं आणि त्यासरशी सगळ्यांच्या तोंडची चवही जाते! पुढं तेराव्या शतकाच्या आसपास पाककृतींची पुस्तकं पुन्हा हाती लागेपर्यंत विद्वान मंडळी तिथल्या लोकांना पेज आणि खारवलेल्या डुकरावर ठेवतात. लिहून ठेवलेलं सापडत नाही, म्हणजे कुणी धड रांधलंच नाही. या न्यायानं माझ्या आजीलाही स्वयंपाक येत नव्हता.

आणि थोडंफार लिहिलेलं आहेही. सहाव्या शतकात अँथिमस नावाच्या ग्रीक वैद्यानं थ्युडरिक या फ्रँक (आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या) राजाला पथ्यापथ्याचं एक पत्र लिहिलं. त्यातला गोमांसाचा रस्सा बघा. मांस धुऊन उकळायचं, मग जहाल व्हिनेगर, कांद्याची पात असावी तशा लीकचे गड्डे, सेलरी, बडीशेपेचं झाड. तासाभरानं मध. मंद आचेवर भांडं हातानं हलवत राहायचं. शेवटी पन्नास मिरे, कोष्ठ (एक सुगंधी मूळ), जटामांसी आणि लवंग खलात वाटून, थोड्या वाइनमध्ये कालवून घालायचं. वर सूचना : धातूच्या भांड्यापेक्षा मातीच्या मडक्यात चव चांगली येते. आता हा माणूस नुसता वैद्य कसला, चांगला खवय्या आहे!

मिरी मलबारची, जटामांसी हिमालयातली, लवंग तर पार इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरची. हे कुजलेल्या मांसाचा वास झाकायला, असं खुशाल सांगितलं जातं. इतका महागाचा मसाला परवडणाऱ्याला ताजं मांस परवडत नसेल? सन ७१६ च्या एका सनदेत उत्तर फ्रान्समधल्या कॉर्बीच्या मठाला जकातीच्या मालातून ३० पौंड मिरी आणि १५० पौंड जिरं मंजूर झालंय.

हे राजांचं आणि मठांचं ताट, कबूल. शेतकऱ्याच्या मडक्यात धान्य आणि कडधान्यंच जास्त. पण तीही बेचवच होती, हे ठरवलं कुणी?

शाही मळ्यांसाठीच्या एका कॅरोलिंजियन (म्हणजे फ्रँक राजा शार्लमेनच्या घराण्याच्या) फर्मानात लोणी, चीज, मोहरी अत्यंत स्वच्छतेनं करा, द्राक्षं पायांनी तुडवू नका, अशी तंबी आहे. (तुडवत असणारच, त्याशिवाय का हुकूम निघतो!) आणि शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट सांगतो, की म्हातारपणी वैद्यांनी भाजलेलं सोडून उकडलेलं खा म्हटलं, तेव्हा राजाला वैद्यच नकोसे झाले. शिकारी सळईवरचं मांस आणतच राहिले.